अँटिव्हायरस काढणं आणि निवडणं: आमच्या लॅपटॉपचे एकोणीस दिवस

मी कराडला घरून डीटीपीची कामं करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची स्नेहसंमेलनाची पत्रकं. हे सगळं ज्या लॅपटॉपवर चालतं त्यावर माझ्या अकरावीतल्या मुलीचा अभ्यासही असतो आणि नाना, म्हणजे माझे सासरे, त्यावर अभंग शोधून ऐकतात. लॅपटॉप जून २०२३ मध्ये घेतला. विंडोज ११, आठ जीबी रॅम. त्यातला अँटिव्हायरस काढून नीट काहीतरी ठरवायला मला नोव्हेंबर २०२५ मध्ये एकोणीस दिवस लागले. मध्ये दोनदा मी रडकुंडीला आले होते. तेव्हा मराठीत शोधूनही सगळं क्रमानं सांगणारं काही मला सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतेय.

१२ नोव्हेंबर, बुधवार. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, लग्नसराई सुरू झालेली. सकाळी एका पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं आणि माझं फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडेचना. आदल्या दिवशीपर्यंत चालू होतं. तासभर खटपट केल्यावर कळलं, की अँटिव्हायरसनं त्या सॉफ्टवेअरची एक फाईल संशयित ठरवून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे त्याच्या कोठडीत, टाकली होती. फाईल मी तिथून परत आणली, पण दुपारी लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर ती पुन्हा आत गेली. गिऱ्हाईक दारात बसलेलं. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांच्या कॉम्प्युटरवर जाऊन प्रूफ काढलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी हाक मारली. "अगं सूनबाई, हे बघ, पाच व्हायरस आलेत म्हणतंय." स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल चौकट, आत एक फोन नंबर. नानांनी तो फिरवलाही होता. पलीकडचा माणूस आधी गोड बोलला, मग त्यानं स्क्रीन दाखवायचं एक सॉफ्टवेअर टाकायला सांगितलं आणि पेन्शन कुठल्या बँकेत येते असं विचारलं. तिथे नानांनी फोन ठेवून दिला. आयुष्य साखर कारखान्याच्या हिशेब विभागात गेलेला माणूस, पैशाचा विषय निघाला की लगेच सावध होतो. पैसे गेले असते तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीनं फोन करावा लागला असता. तो नंबर मी आता फ्रिजवर लिहून ठेवलाय.

ती लाल चौकट व्हायरसची नव्हतीच. अभंग उतरवून घेण्याच्या एका साइटवर "तुम्ही रोबो नसाल तर अलाऊ दाबा" असं आलं होतं. नानांनी ते दाबलं आणि त्या साइटला आमच्या स्क्रीनवर सूचना पाठवायची परवानगी मिळाली. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, तिथे नोटिफिकेशन्स, त्या यादीतून अनोळखी साइट काढून टाकायच्या. दोन मिनिटांचं काम. यादीत अकरा साइट होत्या. तुमच्या घरीही असं काही येत असेल, तर नवं काही विकत घेण्याआधी ही यादी बघा.

त्या रात्री नाना एक जुनी आठवण सांगत होते. नव्वदच्या दशकात कारखान्यात पहिले कॉम्प्युटर आले, तेव्हा एका ५ जानेवारीला एक मशीन अडून बसलं होतं. 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप केल्याशिवाय ते पुढे जाईना. हा 'जोशी' व्हायरस खरोखरच भारतात १९९० मध्ये सापडला होता आणि दर ५ जानेवारीला तो हेच करायचा. नानांच्या मनात व्हायरस म्हणजे असा समोर येऊन बोलणारा प्रकार. म्हणून लाल चौकट त्यांना खरी वाटली. यात त्यांची चूक आहे असं मला वाटत नाही.

१५ तारखेला शनिवारी सगळ्याचा हिशेब मांडायला बसले. सेटिंग्जमधली इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी उघडली आणि मुलीला वहीत उतरवायला सांगितलं. लॅपटॉपसोबत आलेला एका कंपनीचा वर्षभराचा ट्रायल अँटिव्हायरस होता, तो जून २०२४ मध्ये संपला होता. तेव्हा दुकानदारानं दुसऱ्या कंपनीच्या अँटिव्हायरसचं लायसन्स ८५० रुपयांना दिलं आणि पहिला न काढताच त्यावर दुसरा टाकला. जून २०२५ मध्ये त्याची मुदत संपली, तेव्हा रोजच्या लाल इशाऱ्यांना कंटाळून मी स्क्रीनवरच कार्डानं १,२९९ रुपये भरले होते. शिवाय 'कॉम्प्युटर वेगवान करणारं' एक सॉफ्टवेअर आणि ब्राउझरमध्ये 'सुरक्षित शोध' नावाचं एक्स्टेन्शन, ही दोन्ही कधी आली ते घरात कुणालाच आठवेना. काही न उघडता टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, बघितला तर मेमरी ८१ टक्के भरलेली. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी प्रत्येक फाईल तपासत होते. दीड वर्ष मी लॅपटॉप म्हातारा झाला असं समजत होते.

काहीही काढण्याआधी बॅकअप घ्यायचा होता. एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क ४,९०० रुपयांना आणली. खर्च मोठा होता, पण माझ्या सहा वर्षांच्या डिझाइनची दुसरी प्रत कुठेच नव्हती आणि हे लक्षात आल्यावर मला झोप लागली नसती. १८० जीबी उतरायला जवळपास दोन तास लागले. कॉपी झाल्यावर डिस्क काढून ठेवली. लावूनच ठेवली, तर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर मूळ फायलींबरोबर बॅकअपही गिळतो.

रविवारी सकाळी काढायला सुरुवात केली. आधी पैसे भरलेला. अनइन्स्टॉल दाबल्यावर त्यानं थांबण्यासाठी सवलत देऊ केली, मग कारण विचारलं, मग एका बारीक ओळीत क्वारंटाइनमधल्या फायलीही पुसायच्या का असं विचारलं. तिथे हात थांबला ते बरं झालं. माझी फॉन्टची फाईल त्यातच होती. मागे जाऊन ती परत आणली, पेनड्राइव्हवर प्रत घेतली आणि मग पुढे गेले. तुमची कामाची एखादी फाईल आत अडकली असेल तर ती आधी सोडवा.

तो निघाला. रीस्टार्ट झाला. मग मुदत संपलेल्या ट्रायलवाल्याला हात घातला तर 'हे सॉफ्टवेअर आधीच काढलेलं असू शकतं' असा संदेश आणि नाव यादीत तसंच. टास्क मॅनेजरमध्ये त्याची चार कामं अजून चालू. अँटिव्हायरस विंडोजच्या खूप आतल्या थरात बसतात. व्हायरसला त्यांना सहज काढता येऊ नये म्हणून ते मुद्दाम तसे बांधलेले असतात आणि त्यामुळे अर्धवट निघाले की आपल्यालाही दाद देत नाहीत. अशा वेळी बहुतेक कंपन्यांची स्वतःची काढण्याची छोटी अवजारं असतात. ती त्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. शोधल्यावर वर दिसणाऱ्या जाहिराती टाळा, तिथे त्याच नावानं भलतंच काही मिळू शकतं. अवजार उतरवून घेतलं. ते सेफ मोडमध्ये चालवा असं लिहिलं होतं.

सेफ मोड म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींनिशी सुरू करणं. त्यासाठी शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट आणि एफ-४. मी तेवढं केलं आणि समोर निळा पडदा आला: बिटलॉकर रिकव्हरी की टाका. अठ्ठेचाळीस आकडे.

असली काही चावी असते हेच मला माहीत नव्हतं. पोटात गोळा आला. बरीचशी नवी विंडोज ११ मशीन मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरू केली की डिस्क बिटलॉकरनं आपोआप कुलूपबंद होते आणि चावी त्या खात्यात जाऊन बसते. रोज आपल्याला ते जाणवत नाही, कारण मशीन स्वतःच कुलूप उघडतं. नेहमीची वाट सोडून सेफ मोडसारख्या दारानं गेलं की ते चावी मागू शकतं. मी बटण दाबून लॅपटॉप बंद केला, दहा मिनिटं हात लावला नाही. पुन्हा चालू केला तर नेहमीसारखा उघडला. नाना शेजारी बसून होते, काही बोलले नाहीत, फक्त चहा टाकायला उठले.

चावी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात होती आणि ते खातं दुकानदारानं उघडून दिलेलं. पासवर्ड आठवत नव्हता, ओटीपी नवऱ्याच्या जुन्या नंबरवर जाणार होता, तो नंबर ड्रॉवरमधल्या साध्या फोनमध्ये आणि त्याचा रिचार्ज कधीच संपलेला. १७ तारखेला १९९ रुपयांचा रिचार्ज मारला. त्या दिवशी ओटीपी आलाच नाही. तीनदा मागितल्यावर 'नंतर प्रयत्न करा' आलं. १८ ला सकाळी आला. पासवर्ड बदलला, खात्यात डिव्हाइसेसखाली आमच्या लॅपटॉपचं नाव आणि त्याखाली चावी: सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मुलीनं वाचून दाखवले, मी लिहिले, मग उलट तपासले. तो कागद आता रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. खात्यावरचा नंबरही त्याच दिवशी बदलून माझा टाकला.

अँटिव्हायरस काढायचा विचार नसला तरी ही चावी आजच शोधून लिहून ठेवा, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. लॅपटॉप बिघडला आणि चावी नसली, तर डिस्कवरचे फोटोसुद्धा परत मिळत नाहीत.

१९ तारखेला चावी टाकून सेफ मोडमध्ये शिरले. अवजार चाललं, दहा मिनिटांत नाव गेलं, मेमरी मोकळी झाली. पण नेहमीसारखं सुरू केल्यावर इंटरनेट नाही. वायफायला जोडलेलं दिसतंय, पण एकही पान उघडत नाही. रात्रीचे पावणेअकरा, दुसऱ्या दिवशी एका अहवालाची फाईल पाठवायची. हा दुसरा रडकुंडीचा क्षण. फोनवर शोधल्यावर कळलं, की अँटिव्हायरस इंटरनेटची ये-जा तपासण्यासाठी वाटेत स्वतःची एक चाळणी बसवतो आणि काढताना ती कधीकधी तिथेच अडकून राहते. उपाय सेटिंग्जमध्येच आहे: नेटवर्क अँड इंटरनेट, ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रीसेट. दाबल्यावर पाच मिनिटांनी लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट होतो आणि साठवलेले वायफायचे पासवर्ड पुसले जातात, तेव्हा पासवर्ड आधी लिहून घ्या. साडेअकराला अहवाल गेला.

दरम्यान पैशाचा धागा वेगळा चालू होता. जूनमध्ये कार्डानं पैसे भरताना दरवर्षी आपोआप कापून घ्यायला मी नकळत संमती दिली होती. सॉफ्टवेअर काढल्यानं ती संमती रद्द होत नाही. कंपनीच्या साइटवरच्या खात्यात ऑटो रिन्यूअल बंद केलं आणि उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत मिळतील का असं १७ ला ईमेलनं विचारलं. तिकीट नंबर लगेच आला, उत्तर २१ ला: तीस दिवसांच्या आतच परतावा मिळतो. ठीक. मग बँकेच्या ॲपमध्ये कार्डाखालच्या ई-मँडेटच्या, म्हणजे आपोआप पैसे कापायच्या संमतींच्या, यादीतूनही ते नाव काढलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी बँकेनं कळवायचं असतं. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका.

बाहेरचे अँटिव्हायरस गेले की विंडोजचा स्वतःचा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आपोआप जागा होतो. तो २०१२ च्या विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस म्हणून आतच असतो, दुसरा कोणी आला की बाजूला होतो. २० तारखेला अपडेट करून फुल स्कॅन लावला, सव्वादोन तास लागले. मग ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीची तपासणी, पाऊण चहाचा वेळ. काही निघालं नाही. तो जागा आहे की नाही हे बघायला 'आयकार' नावाची अडुसष्ट अक्षरांची चाचणीची ओळ मिळते. ती निरुपद्रवी आहे, पण बहुतेक अँटिव्हायरसनी तिला व्हायरस समजायचं असं ठरलेलं आहे. ती ओळ फाईल म्हणून साठवायला गेले आणि डिफेंडरनं लगेच पकडली. त्या रात्री मला आठवड्यात पहिल्यांदा शांत झोप लागली.

आता निवड. तुलना वाचायला बसले तर प्रत्येक यादीत क्रम वेगळा आणि खाली खरेदीच्या लिंक. त्यातल्या त्यात विश्वास वाटला तो दोन प्रयोगशाळांवर: जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी सहा गुण देते. वापराची सोय म्हणजे मुख्यतः चांगल्या फायलीला व्हायरस म्हणणं किती वेळा होतं. फॉन्टच्या फाईलनं पोळलेली मी आधी तोच रकाना बघायची. डिफेंडरचे गुण तिथे पैसे घेणाऱ्यांच्या बरोबरीनं दिसले.

फुकटच्या बाहेरच्या अँटिव्हायरसबद्दल माझं मन खट्टू झालं ते एका प्रकरणानं. अवास्टनं आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जम्पशॉट २०२० मध्येच बंद झाली होती, तरी ते वाचून मी ठरवलं: फुकट हवं असेल तर विंडोजच्या आत आहे तेच. पैसे देऊनच घ्यायचं झालं तर आपल्याकडेही पुण्याची क्विक हील, मुंबईची ई-स्कॅन, चेन्नईची के-सेव्हन आहेत. केंद्र सरकारचं २०१७ मध्ये सुरू झालेलं सायबर स्वच्छता केंद्र यांची सफाईची अवजारं मोफत देतं, हे मला आत्ताच कळलं. एकदाच तपासायचं असेल तर ते पुरतं.

तरीही पैसे द्यायचे की नाही हे ठरेना. मग मुलगी म्हणाली, "आई, आपल्याकडे घाण येते कुठून ते तर बघ." २२ ते २८ नोव्हेंबर, सात दिवस, लॅपटॉपमध्ये बाहेरून आलेली प्रत्येक फाईल वहीत लिहिली. एकूण ४१. व्हॉट्सॲपवरून २६, ईमेलनं ६ आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हवरून ९. पेनड्राइव्ह होते पाच, त्यातल्या दोनमध्ये डिफेंडरनं काहीतरी पकडलं. तो आपल्याकडचा ओळखीचा शॉर्टकट व्हायरस होता: खरे फोल्डर लपवतो, त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवतो आणि आपण उघडलं की पसरतो. गिऱ्हाईक म्हणतं, "फोटो गेले हो सगळे." गेलेले नसतात, लपलेले असतात. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, मग शो, तिथे 'हिडन आयटम्स' आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' दोन्ही चालू ठेवलं की बऱ्याचदा डोळ्यांनाच दिसतं. नावात पीडीएफ आणि शेवटी ईएक्सई असं काही दिसलं तर हात लावायचा नाही.

ती वही समोर ठेवून ३० तारखेला रविवारी ठरवलं. नवा अँटिव्हायरस विकत घेतला नाही. पेनड्राइव्ह आला की उघडण्याआधी राइट-क्लिक करून स्कॅन करायचा, आणि शक्य तिथे गिऱ्हाइकाला मजकूर फोनवरच पाठवायला सांगायचं. नाना आणि मुलगी यांना वेगळी साधी खाती करून दिली, ज्यातून माझ्या पासवर्डशिवाय विंडोजमध्ये मोठा बदल होत नाही. नानांना हे जरा लागलं असावं. मी त्यांना सांगितलं, की माझ्या रोजच्या कामालाही मी आता तसंच खातं वापरते, आणि ते खरंच आहे. डिफेंडरमधलं रॅन्समवेअरपासूनचं फोल्डर संरक्षण चालू केलं. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरला फाईल साठवू दिली नाही. त्याच पानावर 'अलाऊ ॲन ॲप' मध्ये त्याचं नाव टाकल्यावर प्रश्न मिटला.

पण हे आमच्या घराचं गणित आहे. तुमच्याकडे दहा जण हाताळणारा दुकानातला कॉम्प्युटर असेल, किंवा काही अडलं की फोन उचलणारं कुणीतरी हवं असेल, तर पैसे देणं चुकीचं नाही. फक्त एकच ठेवा, जुना पूर्ण काढल्यावर नवा टाका आणि भरताना आपोआप नूतनीकरणाची खूण बघा.

विंडोज १० असेल तर गोष्ट निराळी. त्याचा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये होते, ती घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. माझ्या बहिणीच्या सांगलीच्या कॉम्प्युटरवर आता तेच करायचंय.

एकूण खर्च: हार्ड डिस्क ४,९०० आणि रिचार्ज १९९. मेमरी आता काही न उघडता ४६ टक्क्यांवर असते. दर शनिवारी संध्याकाळी डिस्क लावायची, कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची. हे काम नानांनी आपणहून घेतलंय. कारखान्यातल्या सवयीनं ते डायरीत तारीख आणि वेळ लिहितात, खाली सही करतात. कालच्या नोंदीपुढे त्यांनी 'नवीन पत्रिका ३, तपासल्या' असंही लिहिलंय.